रोड कुत्र्याने अंग धरावे म्हणून: घरचे अन्न, कच्चे मांस आणि त्यामागचे शास्त्र

कुत्र्याचे वजन कमी आहे की नाही, हे काट्याच्या आधी हात सांगतो. निरोगी कुत्र्याच्या अंगावरून तळहात हलका फिरवला, तर पातळ चरबीच्या थराखाली बरगड्या सहज मोजता येतात, पण लांबून त्या डोळ्यांना दिसत नाहीत. वरून पाहिले तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसते आणि बाजूने पाहिले तर पोट मागच्या पायांकडे वर चढत गेलेले असते. बरगड्या, पाठीचे मणके आणि कमरेची हाडे लांबूनच दिसू लागली, त्यांवर बोट ठेवल्यावर मऊ थर लागेनासा झाला, की कुत्रा रोडावला असे समजावे. पशुवैद्यक यासाठी १ ते ९ अशी श्रेणी वापरतात. अमेरिकेतल्या पशुआहारतज्ज्ञ डॉटी लाफ्लाम यांनी ती पारखून १९९७ मध्ये मांडली. त्यात ४ आणि ५ ही योग्य अवस्था, ९ म्हणजे अतिलठ्ठ आणि १ म्हणजे नुसता हाडांचा सापळा. योग्य अवस्थेपासून एक पायरी खाली म्हणजे ढोबळमानाने दहा टक्के वजन कमी. चरबीबरोबर स्नायूही पाहावे लागतात. डोक्यावरचे, खांद्यांवरचे आणि मांड्यांचे मांस झडले असेल, तर शरीराने भुकेपोटी किंवा आजारापोटी स्वतःचेच स्नायू जाळायला घेतले आहेत. अशा कुत्र्याला नुसती चरबी चढवून भागत नाही.

काही जातींच्या बाबतीत मात्र हा निकष सैल धरावा लागतो. लातूर-सोलापूरकडचा कारवान, त्याचा केसाळ भाऊ पश्मी आणि कर्नाटकातला मुधोळ हे धावण्यासाठी घडलेले शिकारी कुत्रे. त्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची टोके थोडी दिसणे हे त्यांच्या बांध्यातच आहे. शहरात आणलेल्या कारवानाला शेजारच्या लॅब्राडॉरशी ताडून पाहिले जाते आणि त्याला जबरदस्तीने खाऊ घातले जाते, हा त्याच्यावर अन्यायच आहे. त्याच्या मांड्या भरलेल्या व घट्ट असतील, डोळ्यांत तेज असेल आणि तो दमदार पळत असेल, तर त्याला आहे तसाच राहू द्यावा.

कुत्रा खरोखर रोडावला असेल, तर ताटात काय वाढायचे याच्या आधी तो रोडावला का, हे विचारायला हवे. कारण न शोधता तूप-मांस सुरू करण्यात पैसे तर जातातच, कधीकधी जीवही जातो. आपल्याकडे सर्वांत सामान्य कारण म्हणजे जंत. अंकुशकृमी आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्त पितात. अशा कुत्र्याच्या हिरड्या फिकट पडतात आणि शी काळपट होते. पिल्लांमध्ये गोलकृमींनी पोट नगाऱ्यासारखे फुगते आणि पाठ मात्र हाडकुळी राहते. असे पोट पाहून पिल्लू चांगले खाते-पिते आहे, असा घरच्यांचा समज होतो. दुसरे कारण गोचिडांतून येणारे आजार. एर्लिकिया आणि बबेसिया या दोन्हींमुळे ताप येतो, भूक मरते, रक्त कमी होते. एर्लिकियाचा आजार तर अनेक महिने दबून राहून कुत्र्याला आतून खंगवतो. याखेरीज किडलेले दात, मूत्रपिंड किंवा यकृताचे विकार, मधुमेह, आतड्याची जुनाट सूज आणि कर्करोग ही कारणेही असतात.

एक आजार वेगळा सांगायला हवा, कारण त्याने माणसे हमखास फसतात. जर्मन शेफर्ड जातीत जास्त आढळणाऱ्या या विकारात स्वादुपिंड पाचकरस तयार करणे थांबवते. कुत्रा अधाशासारखा खातो, दिसेल ते खातो, स्वतःची विष्ठासुद्धा खातो आणि तरीही वाळत जातो. शी भरपूर, फिकट आणि तेलकट असते. रक्ताच्या एका तपासणीतून याचे निदान होते आणि अन्नात पाचक विकरांची भुकटी मिसळायला लागले की बहुतेक कुत्रे सुधारतात. विकरांची भुकटी नसेल तिथे जनावराचे कच्चे स्वादुपिंड बारीक करून अन्नात घालण्याचा जुना उपायही पशुवैद्यकशास्त्राला मान्य आहे. कच्च्या आहाराच्या बाजूने ज्याचा भक्कम आधार देता येईल, असे हे एक उदाहरण.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे विष्ठा आणि रक्त यांची तपासणी, तोंडाची पाहणी आणि जंताचे औषध. मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्याला फॉस्फरस आवरूनच खाऊ घालावे लागते. त्याला ‘अंग धरावे’ म्हणून रोज अर्धा किलो मांस देणे म्हणजे त्याचा आजार वाढवणे.

कारण सापडले, उपचार सुरू झाले किंवा कुत्रा निव्वळ उपाशी होता असे ठरले, की प्रश्न येतो किती द्यायचे हा. नुसते पडून राहिले तरी शरीराला जी ऊर्जा लागते, ती मूळ गरज काढण्याचे एक सूत्र जगभर वापरले जाते. किलोतले वजन घ्यायचे, त्याचा घन करायचा, त्या संख्येचे वर्गमूळ आणि त्याचे पुन्हा वर्गमूळ काढायचे आणि ७० ने गुणायचे. १६ किलोच्या कुत्र्यासाठी १६ चा घन ४०९६, त्याचे वर्गमूळ ६४, त्याचे ८ आणि ८ गुणिले ७० म्हणजे ५६० कॅलरी. हाच कुत्रा मूळचा २० किलोचा असेल, तर २० किलोला ती गरज सुमारे ६६० येते. हिंडत्या-फिरत्या प्रौढ कुत्र्याला साधारण याच्या दीडपट ते पावणेदोनपट लागते. म्हणजे १६ किलोवर आलेल्या या कुत्र्याला पुन्हा २० किलोवर न्यायचे, तर अखेरीस त्याच्या पोटात रोज १००० ते ११०० कॅलरी जायला हव्यात. हा अंदाज आहे. कुत्र्याकुत्र्यांत वीस-तीस टक्क्यांचा फरक सहज पडतो, म्हणून आकड्यापेक्षा आठवड्याच्या वजनावर भरवसा ठेवावा.

‘अखेरीस’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या कुत्र्याला घरी आणल्याबरोबर पोटभर खाऊ घालणे ही दयेपोटी होणारी सर्वांत धोकादायक गोष्ट. उपासमारीत शरीर चरबी आणि स्नायू जाळून जगत असते आणि पेशींमधले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे आटलेले असतात. अशा वेळी भात-पोळीसारखे पिष्टमय अन्न एकदम गेले की इन्शुलिन उसळते आणि रक्तात उरलेसुरले फॉस्फरस व पोटॅशियम पेशींत ओढले जाते. रक्तातली त्यांची पातळी कोसळते, तांबड्या पेशी फुटतात, स्नायू दुबळे होतात, हृदयाची लय बिघडते. थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता त्यात भर घालते. दुसऱ्या महायुद्धानंतर बंदिवासातून सुटलेले उपाशी कैदी पोटभर जेवण मिळाल्यावर दगावले, त्यामागे हीच यंत्रणा होती. कुत्र्यातही ती तशीच चालते आणि बहुधा पहिल्या चार-पाच दिवसांत तडाखा देते.

म्हणून अशा कुत्र्याला आधी पाणी, ऊब आणि शक्य तर पशुवैद्यकाच्या देखरेखीत रक्ततपासणी. पहिल्या दिवशी आत्ताच्या वजनाच्या मूळ गरजेच्या फक्त पाव ते तिसरा हिस्सा, तोही चार ते सहा वेळांत विभागून. मग चार-पाच दिवसांत, अतिशय खंगलेल्या कुत्र्यात आठ-दहा दिवसांत, पूर्ण मूळ गरजेपर्यंत यायचे. सुरुवातीचे अन्न पिष्ट कमी आणि प्रथिने-चरबी जास्त असलेले, सहज पचणारे असावे. या टप्प्यावर भूक दिसते म्हणून हात सैल सोडू नये. जो कुत्रा रोज थोडेफार खात होता आणि नुसता रोड आहे, त्याच्यासाठी इतकी कडक शिस्त लागत नाही. पण त्याचेही अन्न आठवडाभरात जुन्यातून नव्यात हळूहळू बदलावे, नाहीतर जुलाब लागून असलेले वजनही जाते.

महाराष्ट्रातल्या घरांत कुत्र्याला काय मिळते? दूध-पोळी, दूध-भात, ताक-भाकरी आणि जेवणातले उरलेसुरले. कुत्रा यावर जगतो, हे खरे. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एरिक अॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांच्या संशोधनाने त्याचे कारणही दाखवले: पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या खरकट्यावर हजारो वर्षे राहिल्याची ती खूण आहे. शिजवलेला भात, भाकरी, रताळे कुत्रा उत्तम पचवतो. मात्र पोळी-दुधात प्रथिने कमी पडतात आणि झडलेले स्नायू प्रथिनांशिवाय परत येत नाहीत. प्रौढ कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातली शर्करा पचत नाही. वाटीभर दूध वाढवले की शी पातळ होते आणि कुत्र्याला अन्न लागत नाही, असा उलटाच निष्कर्ष काढला जातो. दही किंवा पनीर त्या मानाने सोसते.

अंग भरण्यासाठी अन्नात दोन गोष्टी वाढायला हव्यात. पहिली उत्तम प्रथिने: अंडी, कोंबडी, मटण, मासे, पनीर. दुसरी चरबी, कारण तेवढ्याच वजनाच्या प्रथिनांच्या किंवा पिष्टाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा चरबीत असते. भूक कमी असलेल्या कुत्र्याच्या छोट्या पोटात जास्त ऊर्जा भरण्याचा तो एकच मार्ग. एक चमचा तेल किंवा तूप म्हणजे सुमारे ४०-४५ कॅलरी. पण इथेही घाई नडते. तळलेले पदार्थ, मटणाच्या चरबीचे तुकडे किंवा वाटीभर तूप एकदम दिल्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. उलट्या, पोटात कळा, पाठ वर करून उभे राहणे ही तिची लक्षणे. स्निग्धपदार्थ अर्ध्या-अर्ध्या चमच्याने वाढवावेत आणि ज्या कुत्र्याला हा आजार पूर्वी होऊन गेला असेल, त्याला चरबी वाढवून देऊच नये.

वर घेतलेल्या २० किलोच्या कुत्र्यासाठी घरच्या जेवणाचा दिवसाचा एक नमुना असा मांडता येईल. शिजलेला भात ३०० ग्रॅम, हाडे काढून शिजवलेले कोंबडीच्या तंगडीचे मांस २५० ग्रॅम, एक उकडलेले अंडे, कोंबडीची कलेजी २०-२५ ग्रॅम, लाल भोपळा, गाजर किंवा दुधी शिजवून कुस्करलेला ८० ग्रॅम आणि एक चमचा तेल. याची बेरीज साधारण १०५० ते ११०० कॅलरी होते आणि प्रथिने ८० ग्रॅमच्या पुढे जातात. मांस शिजवलेले पाणी टाकू नये. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे आणि टॉरिन हे अमिनो आम्ल त्यात उतरलेले असतात. कलेजी गुणी असली तरी तिच्यात अ जीवनसत्त्व ठासून भरलेले असते. आठवडेच्या आठवडे ती वाटीभर खाऊ घातली, तर ते साठत जाऊन हाडांना अपाय करते. एकूण अन्नाच्या विसाव्या भागापेक्षा ती जास्त असू नये.

या नमुन्यात मात्र एक मोठी उणीव आहे, आणि घरगुती अन्न सर्वांत जास्त वेळा तिथेच फसते. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य; हाडांशिवायच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. कुत्र्याला हवे कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा थोडे जास्त. नुसते मांस आणि भात चालू राहिला की रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून ते काढू लागते. प्रौढ कुत्र्यात हे महिनोन्महिने दिसत नाही. पिल्लात मात्र काही आठवड्यांतच पाय वाकतात, चालताना ते कण्हते आणि साध्या उडीत हाड मोडते. घरच्यांनी हौसेने रोज चिकन खाऊ घातलेले पिल्लू असे लंगडत दवाखान्यात येते, तेव्हा काळजी घेण्यात नव्हे, हिशेबात चूक झालेली असते. प्रौढ कुत्र्याला दर १००० कॅलरींमागे साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागते. त्यावर सोपा उपाय म्हणजे अंड्याचे टरफल. टरफले धुऊन, दहा मिनिटे उकळून, वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी दळावीत. अशी पाऊण चमचा, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास भुकटी वरच्या जेवणाला पुरते. नाचणीत कॅल्शियम चांगले असले, तरी तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही. दळलेल्या हाडांची भुकटी वापरली, तर तिच्यात फॉस्फरसही येतो, हे लक्षात ठेवून माप बदलावे लागते.

कॅल्शियम झाले तरी जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व हे उरतातच. माणसाची कातडी करते तसे कुत्र्याची कातडी उन्हात पुरेसे ड जीवनसत्त्व तयार करत नाही, त्यामुळे ते अन्नातूनच यावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाळेने २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या कुत्र्यांच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक पोषकद्रव्य अपुरे निघाले आणि ८० टक्क्यांहून अधिकांत एकापेक्षा जास्त. आज चिकन, उद्या मासे, परवा पनीर असे बदलत राहिले की सगळे भरून निघते, हा समज त्यातून टिकला नाही, कारण बहुतेक पाककृतींत त्याच त्याच द्रव्यांची उणीव होती. म्हणून सहा-आठ आठवड्यांपुरते वजन वाढवायचे असेल, तर वरच्यासारखा साधा आहार आणि टरफलाची भुकटी चालून जाईल. त्यापुढे कायम घरचेच द्यायचे, तर खास घरगुती अन्नासाठी तयार केलेली खनिज-जीवनसत्त्वांची भुकटी पशुवैद्यकाकडून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे ठरवून घ्यावी. पिल्लासाठी किंवा गाभण कुत्रीसाठी पाककृती अंदाजाने करूच नये.

ज्यांना एवढा हिशेब नको, त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे आणि सामान्य घरासाठी तोच सर्वांत भरवशाचा. पिल्लांसाठी बनवलेले चांगले कोरडे खाद्य प्रौढ कुत्र्यांच्या खाद्यापेक्षा ऊर्जेने दाट असते. ते पाया म्हणून वापरावे आणि वर उकडलेले अंडे, कोंबडीचे मांस किंवा मासा घालावा. वरून घातलेल्या पदार्थांची ऊर्जा दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवली, तर खाद्याचा समतोल बिघडत नाही. बांगडा आणि तारली या स्वस्त माशांतून प्रथिने आणि ओमेगा-३ ही उपयुक्त चरबी दोन्ही मिळतात. पण ते शिजवूनच द्यावेत, कारण काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन नष्ट करणारे विकर असते. सुकट-बोंबील देण्यापूर्वी मीठ धुऊन काढावे.

आपल्या स्वयंपाकघरातले काही पदार्थ कुत्र्यासाठी विष आहेत. कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चे, शिजवलेले, वाळवलेले, सगळे सारखेच. रश्शातले चिकन ‘धुऊन’ देणे म्हणूनच सुरक्षित नाही. वाटणातला कांदा धुण्याने जात नाही आणि आधीच रक्त कमी असलेल्या रोड कुत्र्याला तो दुप्पट महागात पडतो. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात. लाडू, शिरा आणि खिरीतले बेदाणे त्यात आलेच. चॉकलेट आणि साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल हेही तितकेच घातक.

आता कच्च्या आहाराकडे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, तेव्हा त्याला कच्चे मांस, हाडे आणि आतडी-कलेजी द्यावी, हा विचार पाश्चात्त्य देशांत गेल्या तीसेक वर्षांत फोफावला. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्यक इयन बिलिंगहर्स्ट यांचे १९९३ सालचे पुस्तक त्याचा आरंभबिंदू मानले जाते. रोड कुत्र्यांच्या बाबतीत अमेरिकेत एक खास पाककृती अनेक वर्षे सांगितली जाते, तिचे नाव ‘सॅटिन बॉल्स’. गाईचा कच्चा खिमा, कच्ची अंडी, ओट्स, गव्हाचे अंकुर, खनिजे घातलेले न्याहारीचे धान्य, तेल, काकवी आणि जिलेटिन मळून गोळे करायचे आणि गोठवून रोज थोडे द्यायचे. प्रदर्शनात उतरणाऱ्या आणि रस्त्यावरून वाचवून आणलेल्या कुत्र्यांसाठी ते वापरले जातात आणि वजन वाढते, यात शंका नाही. वाढते ते खिम्यातली चरबी, तेल, अंडी यांच्या ऊर्जेमुळे. मांस कच्चे असण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

कच्च्या आहारावर कुत्र्याचे केस चमकू लागतात, शी कमी आणि घट्ट होते, हे अनेक पाळणाऱ्यांचे निरीक्षण खोटे नाही. चरबी वाढली की केस चमकतात. पचायला सोपे आणि तंतू कमी असलेले अन्न गेले की शी कमी होते. शिजवलेल्या मांसानेही हे दोन्ही साधते. कच्चे मांस शिजवलेल्यापेक्षा वजन अधिक वाढवते किंवा आयुष्य वाढवते, असे सिद्ध करणारा पुरावा नाही. शिजवल्याने काही जीवनसत्त्वे घटतात, पण ती भरून काढता येतात. अंड्याच्या बाबतीत तर शिजवणेच उजवे: कच्च्या पांढऱ्या बलकातले अॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवते आणि उष्णतेने ते निष्प्रभ होते.

धोक्याच्या बाजूला मात्र पुरावा भरपूर आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांच्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले; १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया हे जीवाणू सापडले. नेदरलँड्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ३५ गोठवलेल्या कच्च्या खाद्यांपैकी निम्म्याहून अधिकांत लिस्टेरिया, तर ८० टक्क्यांत अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे ई. कोलाय निघाले. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०१२ मध्ये कच्च्या मांसाहाराविरुद्ध अधिकृत भूमिका घेतली. कुत्र्याचे पोट बरेच जंतू सहन करते, हे खरे. पण तो आजारी न पडताही विष्ठेतून आणि लाळेतून जंतू बाहेर टाकत राहतो आणि घरातल्या रांगत्या मुलापर्यंत, गरोदर बाईपर्यंत, केमोथेरपी चालू असलेल्या आजोबांपर्यंत ते पोहोचतात. त्यातही खिमा सर्वांत वाईट, कारण मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत मिसळतात. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून पसरलेल्या ई. कोलायच्या साथीत चार मुले दगावली, ती खिम्यामुळेच. आणि खंगलेल्या कुत्र्याची प्रतिकारशक्ती धडधाकट कुत्र्यासारखी नसते. कच्चे अन्न सोसण्याची ताकद ज्याच्यात सर्वांत कमी, त्याच्यावरच त्याचा प्रयोग व्हावा, हे उलटे आहे.

आपल्याकडे या यादीत आणखी एक नाव जोडावे लागते: इकायनोकॉकस हा छोटा पट्टकृमी. शेळ्या-मेंढ्या आणि गुरांच्या यकृतात व फुप्फुसात त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी होतात. खाटकाकडची ती फेकलेली यकृते-फुप्फुसे कच्ची खाल्ली की कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतो. कुत्र्याला फारसा त्रास होत नाही, पण त्याच्या विष्ठेतली अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी वाढतात. त्या काढायला पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. स्वस्तात मिळणारी वजडी, फुप्फुसे आणि कलेजी कुत्र्याला कच्ची देण्याची रीत याच एका कारणासाठी सोडून द्यावी. चांगली उकळली, तर त्याच वजडीतून स्वस्त आणि उत्तम प्रथिने मिळतात. कच्च्या डुकराच्या मांसातून औजेस्की रोगाचा विषाणू गेला तर कुत्रा वाचत नाही.

हाडांचा वाद जुना आहे. शिजवलेली हाडे, विशेषतः कोंबडीची लांब हाडे, टोकदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. ती कधीच देऊ नयेत. कच्ची हाडे त्या मानाने मऊ फुटतात, तरी दात मोडणे, घशात अडकणे आणि हाडांच्या चुऱ्याने शी दगडासारखी होऊन अडणे हे त्यांतही होते. भुकेलेला कुत्रा चावत नाही, गिळतो. म्हणून रोड कुत्र्याच्या आहारात कॅल्शियमसाठी हाडाऐवजी टरफलाची भुकटीच बरी.

एवढे असूनही ज्यांना कच्चेच द्यायचे असते, त्यांनी निदान काही गोष्टी पाळाव्यात. घरात लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कुणी असेल, तर हा विचार सोडावा. अतिशय खंगलेला कुत्रा, पिल्लू आणि औषधे चालू असलेला कुत्रा यांनाही हा आहार देऊ नये. मांस माणसाच्या खाण्यासाठी विकले जाणारे, ताजे आणि अखंड तुकड्याचे असावे. गोठवल्याने काही परजीवी मरतात, पण जीवाणू फक्त थांबून राहतात. मांस वितळले की ते पुन्हा वाढू लागतात. वितळवायचे ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नव्हे. भांडी, सुरी आणि पाट वेगळा ठेवावा, कुत्र्याने खाऊन झाल्यावर उरलेले लगेच उचलावे, हात साबणाने धुवावेत आणि जेवल्यावर त्याला तोंड चाटू देऊ नये. कच्चे देणे पटत नसेल, पण मांसप्रधान आहार द्यायचा असेल, तर तेच मांस कुकरमध्ये शिजवून पूर्ण थंड करून द्यावे. त्यात कुत्र्याचे काहीच बिघडत नाही.

वाढायची पद्धतही वजनाइतकीच महत्त्वाची. एकाच वेळी मोठा वाडगा न देता दिवसातून तीन-चार वेळा थोडे द्यावे. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये एकदम भरलेले पोट फुगून पीळ पडण्याचा जीवघेणा प्रकार घडतो, त्यांच्यासाठी तर हे गरजेचेच आहे. भूक नसलेल्या कुत्र्यापुढे अन्न किंचित कोमट करून ठेवले की वास सुटतो आणि तो पुढे येतो. न खाल्लेले पंधरा-वीस मिनिटांत उचलावे. दिवसभर वाडगा पुढे ठेवल्याने भूक उलट मंदावते आणि किती गेले हेही कळत नाही. घरात दुसरा कुत्रा असेल, तर रोड कुत्र्याला वेगळ्या खोलीत जेवू घालावे. अनेकदा रोडावण्याचे कारण तेवढेच असते. पहिल्या काही आठवड्यांत लांब धावणे टाळून रोज थोडे चालवावे. स्नायूंना काम मिळाले तरच खाल्लेल्या प्रथिनांचे मांस होते, नाहीतर पोटाखाली नुसती चरबी लटकते.

वजन दर आठवड्याला, एकाच वेळी, शक्यतो सकाळी उपाशीपोटी घ्यावे. मोठ्या कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि स्वतःचे वजन वजा करावे. आठवड्याला शरीराच्या एक ते दोन टक्के वाढ, म्हणजे १६ किलोच्या कुत्र्यात दीडशे ते तीनशे ग्रॅम, ही समाधानकारक गती. दोन आठवडे काटा हलला नाही, तर अन्न दहा-पंधरा टक्क्यांनी वाढवावे. भरपूर खाऊनही महिनाभरात फरक पडला नाही, किंवा मधेच उलट्या, पातळ शी, सुस्ती, फिकट हिरड्या दिसल्या, तर पाककृती बदलत न बसता पुन्हा तपासणीला न्यावे. आतड्याच्या जुनाट आजारात बी-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि ते इंजेक्शनाने दिल्याशिवाय कितीही चांगले अन्न अंगी लागत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यात वयाने स्नायू झडतात. तिथे मूळचे वजन गाठण्याचा हट्ट न धरता प्रथिने पुरेशी ठेवून आहे ते टिकवावे.

बरगड्या हाताला लागतात पण दिसत नाहीत आणि मांड्या भरल्या, की वाढीव अन्न थांबवायची वेळ आली. वरून घातलेले तेल-तूप आधी कमी करावे, मग भात, प्रथिने शेवटी. हे दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करून त्या वजनावर कुत्रा स्थिर राहतो का, हे महिनाभर पाहावे. प्रौढ कुत्र्याच्या विष्ठेची वर्षातून किमान एकदा तपासणी आणि दर तीन महिन्यांनी जंताचे औषध हे पुढेही चालू ठेवावे लागते, कारण जंत परतले की महिन्यांची मेहनत काही आठवड्यांत उतरते.